दोन्ही पाय गमावलेला वैमानिक

लढाऊ वैमानिकाचे चरित्र म्हटले की श्रोत्यांना आकाशातील पराक्रमाची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. तो पराक्रम या चरित्रातही आहे. परंतु अलेक्सेई पेत्रोविच मारेस्येव या रशियन वैमानिकाच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग बव्हंशी जमिनीवर घडले. बर्फात, इस्पितळात आणि डॉक्टरांच्या मंडळापुढे. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. यंत्रात बोटे, हात, पाय गमावलेली माणसे युनियनच्या कचेरीत नेहमी येतात. त्यामुळे या चरित्राकडे आम्ही एक प्रश्न मनात ठेवूनच पाहतो. शरीराचा एखादा भाग गेल्यावर माणूस कामाचा राहिला की नाही, हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून?

मारेस्येवचा जन्म २० मे १९१६ रोजी व्होल्गा नदीकाठच्या कमिशिन या गावी झाला. तो लहान असतानाच वडील वारले. आई लाकडाच्या कारखान्यात झाडलोट करी आणि त्या कमाईवर तिने तीन मुले वाढविली. अलेक्सेई शिकाऊ कामगारांच्या शाळेतून टर्नर होऊन बाहेर पडला, म्हणजे आपल्या भाषेत लेथवरचा कारागीर. वैमानिक व्हावे ही इच्छा होती, पण हिवताप आणि संधिवात यांनी बालपणीच अंग पोखरले होते आणि वैद्यकीय तपासणीत नकार मिळाला. १९३४ साली अतिपूर्वेकडे आमूर नदीच्या काठी, जंगल तोडून, कोम्सोमोल्स्क हे नवे शहर उभारण्याचे काम चालू होते. तेथे तरुणांच्या तुकड्या धाडल्या जात, त्यांतून तोही गेला. कामाचे तास संपले की तेथल्या हवाई मंडळात तो उड्डाण शिके. १९३७ साली तो सैन्यात गेला, १९४० साली बाताइस्कच्या वैमानिक शाळेतून उत्तीर्ण झाला आणि तेथेच शिक्षक म्हणून राहिला. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, आणि ऑगस्टमध्ये हा टर्नर पहिल्या लढाऊ उड्डाणावर निघाला.

एप्रिल १९४२ मध्ये स्ताराया रुस्साच्या बाजूला, देम्यान्स्कच्या रणक्षेत्रात, त्याचे याक-१ जातीचे विमान पाडले गेले. ते जंगलात कोसळले. मारेस्येव वाचला, पण दोन्ही पाय चिरडले होते. आपल्या बाजूच्या दिशेने तो आधी कसाबसा चालत, मग रांगत, शेवटी सरपटत अठरा दिवस पुढे जात राहिला. खाण्यास झाडांच्या साली, पाइनची फळे आणि रानातली बोरे. अखेरीस एका खेड्यातल्या पोरांनी त्याला पाहिले. खेड्यात डॉक्टर नव्हता. स्वतः युद्धाने नागविलेल्या त्या शेतकऱ्यांनी आपल्या घासातला घास देऊन त्याला जगविले. मग विमानाने त्याला मॉस्कोच्या इस्पितळात नेण्यात आले. तोपर्यंत पाय कुजू लागले होते. जीव वाचविण्यासाठी शल्यचिकित्सकांना दोन्ही पाय गुडघ्यांखाली कापावे लागले.

येथे लढाऊ विमान कसे चालते हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्यावाचून पुढचा पराक्रम नीट कळणार नाही. विमानाचे नाक वर-खाली करणे आणि विमान कुशीवर कलविणे ही कामे हातातल्या दांड्याने होतात. शेपटीवरचे उभे सुकाणू मात्र पायांखालच्या दोन पट्ट्यांनी फिरते. उजवी पट्टी दाबली की नाक उजवीकडे, डावी दाबली की डावीकडे. लढाईत वळण घेताना किंवा शत्रूवर नेम धरताना ही पट्टी किती दाबावी, हे वैमानिकाला तळव्याने आणि घोट्याने कळते. कुशल विणकराला पावडी पायाने कळते तसे. लाकडाच्या आणि चामड्याच्या कृत्रिम पायाला घोट्याची जाणीव नसते. म्हणजे मारेस्येवला जी जाणीव तळव्यातून येत असे, ती आता गुडघ्याखालच्या उरलेल्या भागातून, पट्ट्यांनी आवळलेल्या जखमेतून, नव्याने शिकावयाची होती. हे काम इच्छाशक्तीचे खरे, पण त्याहून अधिक सरावाचे होते. लेथवर हात बसवावा लागतो, तसा त्याने पाय बसविला.

तो कृत्रिम पायांवर चालावयास शिकला, मग धावावयास, मग नाचावयास. डॉक्टरांच्या मंडळाने शंका घेतली तेव्हा तो त्यांच्यासमोर नाचून दाखवू शकत होता. १९४३ च्या आरंभी त्याने पुन्हा सरावाची उड्डाणे सुरू केली आणि जूनमध्ये तो आघाडीवर ६३ व्या गार्ड लढाऊ विमान रेजिमेंटमध्ये दाखल झाला. तेथेही वरिष्ठ त्याला लढाईवर पाठवावयास कचरत होते. चिस्लोव्ह नावाच्या तुकडीप्रमुखाने त्याला आपल्या जोडीला घेऊन हा प्रश्न सोडविला. कूर्स्कच्या महासंग्रामात, २० जुलै १९४३ रोजी, मारेस्येवने शत्रूची दोन लढाऊ विमाने पाडली आणि आपल्या दोन सहकारी वैमानिकांचे प्राण वाचविले. २४ ऑगस्ट १९४३ रोजी त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब मिळाला. संपूर्ण युद्धात त्याच्या नावावर ८६ उड्डाणे आणि पाडलेली ११ विमाने लागली. त्यांपैकी ७ पाय गेल्यानंतरची.

असाच दुसरा दाखला इंग्लंडात आहे. डग्लस बेडर या वैमानिकाचे दोन्ही पाय १९३१ सालच्या अपघातात गेले. तो कृत्रिम पायांवर पुन्हा विमान चालवू लागला होता, तरीही १९३३ साली हवाई दलाने त्याला निवृत्त केले, कारण नियमांत अशा माणसाची सोय नव्हती. १९३९ साली युद्ध पेटले आणि त्याच बेडरला त्याच हवाई दलाने परत घेतले. सहा वर्षांत बेडरला काही नवे पाय फुटले नव्हते. बदलली होती ती गरज. माणूस निकामी झाला असे जे आपण म्हणतो, त्यात माणसाच्या शरीराचा भाग किती आणि आपल्या गरजेचा भाग किती, हे या एका उदाहरणावरून उघड होते.

आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याने मोठे काम केले, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. त्याच्या परिशिष्टात अवयवांचा हिशेब शेकडेवारीने मांडलेला होता. पुढे सुधारलेल्या कोष्टकात दोन्ही हात गेले तर शेकडा १००, एक डोळा गेला तर ४०, अंगठा गेला तर ३०. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच रीत आहे. भरपाईसाठी असे कोष्टक लागते, ते नसते तर प्रत्येक अंगठ्यासाठी वर्षानुवर्षे कज्जा चालला असता. परंतु कोष्टक किती गेले एवढेच सांगते. किती उरले आणि त्यातून काय होऊ शकेल, हे सांगत नाही. पॉवर प्रेसखाली चार बोटे गमावलेला एक तरुण आमच्याकडे आला होता. भरपाईचा हिशेब झाला, आणि कारखान्याने हिशेबाबरोबर नोकरीचाही शेवट केला. त्याला मापे तपासण्याचे काम उत्तम येत होते. ते एका हाताने करता येते. पण हा विचार कोणी केलाच नव्हता. पुष्कळ भांडल्यावर त्याला ते काम मिळाले.

मारेस्येवच्या कथेचा एक दुरुपयोगही होतो, त्याविषयी सावध केले पाहिजे. पत्रकार बोरिस पोलेवोय याने १९४६ साली त्याच्यावर कादंबरी लिहिली, नायकाच्या नावात एक अक्षर बदलून. ती घराघरांत पोचली, चित्रपट निघाला, प्रोकोफिएव्ह या संगीतकाराने संगीतिका रचली. पण त्याच देशात युद्धाने अपंग झालेले लक्षावधी शिपाई होते. त्या सर्वांना काही मानसन्मान मिळाले नाहीत, पुष्कळांचे दिवस हालात गेले. अशांना, 'मारेस्येवला जमले, तुला का जमत नाही?' असे म्हणणे सोपे असते. आपल्याकडेही हे म्हणणारे भेटतात. त्यांनी मारेस्येवला काय काय मिळाले ते मोजून पाहावे: उपाशी राहून खाऊ घालणारे खेडे, मॉस्कोपर्यंत नेणारे विमान, कुशल शल्यचिकित्सक, पाय घडविणारा कारागीर, सरावासाठी महिनेच्या महिने, शिकावयास विमान, आणि आपल्या जोडीला घेणारा एक अधिकारी. यांतले एक जरी गळाले असते तरी त्याची जिद्द तशीच राहिली असती, पण ती कोणाला दिसली नसती.

आपण काही अगदीच रिकाम्या हाताने उभे नाही. युद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली येथे पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. पुढे १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 'जयपूर फूट' घडविला. तो घालून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात उतरता येते. परदेशी पायाला यांतले काही जमत नव्हते, कारण तो बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यांसाठी घडविलेला होता. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर बंधन घातले की, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे द्यावे. परंतु हे कलम सरकारी आस्थापनांपुरते आहे. प्रेस चालतात त्या खाजगी शेडमधल्या माणसाला त्याचा आधार नाही. तेथपर्यंत हे बंधन नेणे हे आमच्या चळवळीपुढचे आणि, आम्ही म्हणतो, आपल्या सर्वांपुढचे काम आहे.

युद्धानंतर मारेस्येवने शिक्षण पुरे केले, इतिहासात पदवी मिळविली आणि १९५६ पासून माजी सैनिकांच्या समितीचे काम दीर्घकाळ सांभाळले. १८ मे २००१ रोजी मॉस्कोत त्याच्या ८५ व्या वाढदिवसाचा समारंभ ठरला होता. त्याच दिवशी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. जमलेल्या लोकांनी उभे राहून स्तब्धता पाळली.

आपल्या ओळखीत, गल्लीत, कारखान्यात असा अपघात झालेला कोणी असेल, तर त्याला धीर देऊन थांबू नये. त्याला भरपाई मिळाली काय, चांगला कृत्रिम अवयव मिळाला काय, आणि जुने काम जमत नसेल तर दुसरे कोणते जमेल याचा विचार त्याच्या मालकाने केला काय, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि उत्तर नाही असे आले, तर त्याच्याबरोबर चार पावले चालावे.