सेप्टिक टँक ‘भरते’ म्हणजे काय?
सेप्टिक टँक (संडासाची बंदिस्त टाकी) २० वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही, हे अनेक घरांत कौतुकाने सांगितले जाते. वास्तविक वापर सुरू झाल्यावर टाकी काही काळातच भरते आणि भरलेलीच राहते; तिचे काम साठवणे नव्हे, निवळणे. हंड्यातल्या गढूळ पाण्यातल्या गाळासारखा मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात (पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) जाते. जिवाणू मैला खातात, मग उपसा कशाला, हा आक्षेप निम्माच खरा. ते गाळ कमी करतात, संपवत नाहीत. बाजारातल्या पावडरीही तो संपवत नाहीत. गाळ वाढला की निवळायला जागा उरत नाही, घाण शोषखड्ड्यात उतरते आणि मातीची छिद्रे बुजतात. संडास तुंबतो तो त्यानंतर, आणि तेव्हा नुसत्या उपशाने भागत नाही. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी उपसा सुरू केला, तो याचसाठी. घरच्या टाकीचा उपसा दोन-तीन वर्षांनी, व्हॅक्यूम टँकरनेच करावा. आतला वायू जीवघेणा असतो. सुरक्षासाधनांविना माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.