सफारी कॅम्पची निवड : आधी प्रवेशद्वार, मग खोली

‘दोन रात्री, तीन दिवस, जंगलाला लागून असलेला कॅम्प, दोन सफारी समाविष्ट, व्याघ्रदर्शन हमखास.’ पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास व्याघ्र प्रकल्पांची दारे उघडू लागली, की अशा आशयाच्या जाहिराती देशभर फिरू लागतात. यातील कॅम्पचे अंतर नकाशावर तपासता येते. ‘दोन सफारी’ हे शब्द मात्र अपुरे असतात, कारण त्या कोणत्या क्षेत्रात आणि कोणत्या द्वारातून होणार, हे त्यांतून कळत नाही. व्याघ्रदर्शनाची हमी तर कोणालाही देता येत नाही. तरीही अनेक कुटुंबे याच ओळीच्या भरवशावर आगाऊ रक्कम भरतात आणि कॅम्पवर पोहोचल्यानंतर आपली जिप्सी पहाटे भलत्याच दिशेला, तास-दीड तासाच्या अंतरावरील द्वाराकडे निघणार असल्याचे त्यांना समजते.

असे का होते, हे समजण्यासाठी सफारीची व्यवस्था पाहावी लागते. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. त्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि व्याघ्र प्रकल्पांतील गाभा क्षेत्र व बफर क्षेत्र या विभागणीला कायद्याचा आधार मिळाला. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. गाभ्याचा कमाल २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरावा आणि वाहनांची संख्या जंगलाच्या वहनक्षमतेनुसार ठरवावी, असे ही तत्त्वे सांगतात. त्यामुळे प्रत्येक द्वारातून सकाळी आणि दुपारी किती वाहने आत जाणार, हे आधीच निश्चित असते. कॅम्पच्या खोल्यांवर असे बंधन नसते. जंगलाभोवती नवनवी निवासस्थाने उभी राहतात, पण आतील जिप्सी त्या प्रमाणात वाढत नाहीत. टंचाई असते ती परवान्याची.

म्हणून प्रवासाचा क्रमही तसाच असायला हवा. आधी तारीख आणि प्रवेशद्वार ठरवावे, परवाना मिळवावा, मग त्या द्वाराजवळची खोली शोधावी. एजंटांकडून बहुधा उलट क्रम सुचवला जातो. त्याचे कारण व्यवहारात आहे. परवान्याचे शुल्क वन विभागाने ठरवलेले असते आणि त्यावर एजंटाला फारसे काही सुटत नाही. खोलीभाड्यावर मात्र कॅम्पकडून दलाली मिळते. यात बेकायदा काही नाही; हॉटेल व्यवसायाची ती जुनी रीत आहे. परंतु शिफारस करणाऱ्याचा मोबदला खोलीशी बांधलेला असेल, तर त्याच्या बोलण्यात पोहण्याचा तलाव आधी येतो आणि प्रवेशद्वाराचे नाव शेवटी, हे ग्राहकाने लक्षात ठेवलेले बरे.

प्रवेशद्वाराला एवढे महत्त्व का, ते ताडोबाच्या नकाशावरून स्पष्ट होते. मोहर्ली हे चंद्रपूरच्या बाजूचे द्वार, तर कोलारा चिमूरच्या बाजूचे. नागपूरहून येणाऱ्याला कोलारा सोयीचे पडते. दोन्ही नावे ‘ताडोबा’ याच शीर्षकाखाली विकली जातात, पण मोहर्लीत मुक्काम आणि कोलाऱ्याची सफारी असे जमवले, तर पहाटेची झोप आणि सफारीचा पहिला, सर्वांत मोलाचा तास दोन्ही हातचे जातात. कान्ह्याची गत अशीच आहे. खटिया मंडला जिल्ह्याच्या बाजूला आणि मुक्की बालाघाटच्या बाजूला. बाहेरच्या रस्त्याने एकाकडून दुसरीकडे जाणे हे पहाटेच्या अंधारात करण्याचे काम नव्हे. याउलट बांधवगडमध्ये ताला, मगधी आणि खितौली या तिन्ही क्षेत्रांची द्वारे ताला गावापासून सोयीच्या अंतरावर आहेत. तेथे तालाजवळचा साधा कॅम्पही पुरेसा लवचीक ठरतो.

पेंचचे कोडे आणखी वेगळे आहे. पेंच नावाचे दोन व्याघ्र प्रकल्प आहेत, एक मध्य प्रदेशात आणि दुसरा महाराष्ट्रात. जंगल सलग असले, तरी आरक्षणाची व्यवस्था दोन्ही राज्यांची स्वतंत्र आहे. तुरिया हे मध्य प्रदेशचे द्वार, तर सिल्लारी आणि खुर्सापार ही महाराष्ट्राची. तुरियाजवळ खोली घेतलेल्या पर्यटकाच्या हाती सिल्लारीचा परवाना पडला, तर कागदोपत्री ‘पेंच सफारी’ दिली गेलेली असते आणि तक्रारीला जागा उरत नाही. उत्तराखंडमधील कॉर्बेटमध्ये ढिकुलीच्या परिसरात कोसी नदीकाठी निवासस्थानांची रांग आहे. तेथून ढिकालाचे धनगढी द्वार जवळ असले, तरी जिप्सीने ढिकाला क्षेत्रात फिरण्यासाठी तेथील वनविश्रामगृहातच मुक्काम करावा लागतो. एका दिवसापुरते येणाऱ्यांसाठी कॅन्टर असतो. बाहेरच्या रिसॉर्टमध्ये राहून ‘ढिकालाची खासगी जिप्सी’ देऊ करणाऱ्याला हा नियम विचारून पाहावा. कर्नाटकात काबिनीच्या काठी सफारीची सूत्रे मुख्यतः राज्य सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या उपक्रमाकडे आहेत. त्यामुळे खासगी रिसॉर्ट कितीही महागडे असले, तरी सफारीतील आसनाची खात्री वेगळी करून घ्यावी लागते.

वाघांची संख्या सांगून एखादा प्रकल्प सुचवला जातो, तेव्हाही थोडे थांबायला हवे. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार कॉर्बेटमध्ये २६०, तर ताडोबा-अंधारीमध्ये ९७ वाघ होते. सुंदरबनातही सुमारे १०० वाघ आहेत. तथापि कॉर्बेटचे उंच गवत व सालवन आणि सुंदरबनातील खारफुटी यांत वाघ दिसणे दुरापास्त असते, तर ताडोब्यातील पाणवठे आणि रणथंबोरमधील मोकळी कोरडी जंगले त्या मानाने उदार आहेत. ऋतूचाही वाटा मोठा असतो. मार्चनंतर पाणी आटते आणि प्राणी पाणवठ्यांकडे येतात. मे महिन्यात वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते आणि विदर्भातील पारा ४५ अंशांपलीकडे जातो तोही याच काळात. डिसेंबरात जंगल सुंदर असते, हवा सुखाची असते, गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात, मात्र वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्याहून कमी. नाताळच्या सुट्टीसाठी ‘हाच सर्वोत्तम हंगाम’ असे सांगणारा एजंट हंगामाविषयी बोलत असतो की दरांविषयी, हा प्रश्न गैरलागू नाही.

‘बफर सफारी’ या शब्दाबाबत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. काही एजंट बफरचा उल्लेखच टाळतात आणि ‘दोन सफारी’ म्हणून मोकळे होतात. काही पर्यटक बफर म्हणजे फसवणूकच, असे धरून चालतात. वाघाला मात्र ही रेषा ठाऊक नसते. ताडोब्यातील आगरझरी, देवाडा, अलिझंझा, मदनापूर यांसारख्या बफर क्षेत्रांत व्याघ्रदर्शन दुर्मीळ नाही, आणि या पर्यटनातून आसपासच्या गावांतील तरुणांना गाइड व चालक म्हणून काम मिळते. बफर घेण्यात काही वावगे नाही. गाभ्याच्या अपेक्षेने पैसे भरणाऱ्याला ते न सांगता देणे वावगे आहे. रणथंबोरमध्ये हीच गोष्ट क्षेत्र क्रमांकाबाबत घडते: १ ते ५ ही जुनी क्षेत्रे आणि ६ ते १० ही नंतरची. शिवाय तेथे सहा आसनांची जिप्सी आणि २० आसनांचा कॅन्टर असे दोन प्रकार असल्याने ‘सफारी’ या शब्दावर न थांबता वाहनही लिहून घ्यावे.

कॅम्प या शब्दालाही आता ठरावीक अर्थ उरलेला नाही. कोठे तो कापडी तंबू असतो, कोठे तंबूच्या आकाराचे छत असलेली सिमेंटची खोली, तर कोठे दोनशे पाहुण्यांचे लग्न पार पडेल असे हिरवळ-मैदानाचे रिसॉर्ट. कॉर्बेटच्या परिसरात तर शेवटचा प्रकार चांगलाच परिचित आहे. मे महिन्यात तंबू घेणाऱ्याने वीज गेल्यावर काय सोय आहे, हे विचारावे. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील, तर खोलीपासून भोजनगृहापर्यंतचा रस्ता आणि जवळचे रुग्णालय यांची चौकशी तलावापेक्षा अधिक उपयोगाची असते. कॅम्पचा स्वतःचा निसर्ग-अभ्यासक असेल, तर तो सफारीत सोबत येऊ शकतो का, हेही पाहावे. अनेक प्रकल्पांत गाइड आणि वाहन द्वारावरील क्रमानुसार मिळते, आणि मग अभ्यासकाची सोबत संध्याकाळच्या गप्पांपुरती राहते. ती निरर्थक असते असे नाही, पण तिच्यासाठी किती जादा दर द्यायचा हे पर्यटकाने ठरवावे.

या सर्वांत सर्वाधिक नुकसान करणारा शब्द म्हणजे ‘हमखास’. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि संबंधित चालक व गाइडांवर कारवाई झाली. चालकाचा दोष नाकारता येत नाही. पण हमी विकत घेऊन आलेल्या सहा जणांची जिप्सी चालवणाऱ्यावर, बक्षिशी ज्यांच्या हाती आहे त्यांचाच दबाव असतो, हेही खरे. हमी देणारा एजंट त्या वेळी जंगलात नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणातील निकालात रात्रीच्या पर्यटनाला आणि गाभ्यातील पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरण्यास मनाई करणारे निर्देश दिले. त्यानंतरही ‘नाइट सफारी’चे आमिष दाखवणाऱ्याची बाकीची माहितीही जुनीच असण्याची शक्यता आहे.

याचा अर्थ एजंट टाळावा असा नाही. चेन्नई किंवा कोलकात्याहून प्रथमच मध्य भारतात येणाऱ्याला परवान्याच्या मुदती, विमानतळावरून गाडी आणि साप्ताहिक सुट्ट्या यांचा मेळ घालणे कठीण जाते. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो आणि मध्य प्रदेशातील प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी नसते. जाणता एजंट हे न विचारता सांगतो. तो परवाना निघण्याआधी खोलीची पूर्ण रक्कम मागत नाही, त्याने शेवटचा मुक्काम त्या कॅम्पवर कधी केला हे त्याला सांगता येते, आणि एखादा कॅम्प कोणासाठी योग्य नाही हेही तो सांगतो. एकाच कॅम्पचे नाव घेऊन थांबणाऱ्याला त्याच द्वारावरील आणखी दोन कॅम्प विचारावेत आणि त्यांत फरक काय, हे ऐकावे. उत्तर खोलीच्या सजावटीपलीकडे गेले नाही, तर त्याने त्यांपैकी काहीच पाहिलेले नसावे. पर्यटकांचे ऑनलाइन अभिप्राय वाचतानाही वाघ दिसला म्हणून दिलेले पाच तारे आणि न दिसल्याने दिलेला एक तारा बाजूला ठेवावा. कॅम्पविषयी खरी माहिती उरलेल्या अभिप्रायांत असते.

पैसे भरताना शुल्काची फोड मागणे हा ग्राहकाचा हक्कच समजावा: परवाना, जिप्सी, गाइड, खोली, भोजन आणि एजंटाचे सेवाशुल्क वेगवेगळे. परवान्याचे सरकारी दर संबंधित राज्याच्या अधिकृत आरक्षण संकेतस्थळावर पाहता येतात. अधिकृत भासणारी खासगी संकेतस्थळेही बरीच असल्याने पत्ता काळजीपूर्वक वाचावा. रद्द करण्याच्या अटी खोलीसाठी आणि सफारीसाठी निराळ्या असतात, आणि सफारी पर्यटकामुळेच रद्द होते असे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाघांच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यावर कर्नाटक सरकारने बंडीपूर आणि नागरहोळे येथील सफारी थांबवली, तेव्हा खोल्यांचे आरक्षण कायम आणि जंगल बंद अशी स्थिती अनेकांपुढे आली. अशा वेळी रक्कम परत मिळणार की पुढील तारीख, हे आधीच लेखी असावे. वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही करता येते. त्यासाठी कॅम्पच्या गावी जावे लागत नाही.

परवान्यावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव द्वारावर पडताळले जाते, आणि नावात बदल सहसा करून मिळत नाही. त्यामुळे एजंटाकडे आधार किंवा पारपत्राचा तपशील देताना स्पेलिंग एकदा वाचून घ्यावे, परवान्याची प्रत प्रवासाला निघण्यापूर्वी हाती घ्यावी आणि तिच्यावरील द्वार, तारीख व सत्र कॅम्पच्या व्यवस्थापकाला फोनवर सांगून तेथून द्वारापर्यंत किती वेळ लागतो हे विचारावे.