दुखतंय कुठे, किती आणि केव्हा

ताप थर्मामीटरवर उतरतो, रक्तदाब आकड्यात सांगता येतो, मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. दुखणं मात्र ज्याचं त्यानेच सांगायचं आणि ऐकणाऱ्याने खरं मानायचं. मानलं नाही, तर सांगणाऱ्याच्या हातात दाखवायला काही नसतं. दुखण्याची नोंद कशी करावी, त्याचा नकाशा कसा काढावा, यासाठी डॉक्टर आणि पुढे खुद्द रुग्ण सव्वाशे वर्षं धडपडत आले, ते या अडचणीपायी. आज ही नोंद मोबाइलवर होते. तिथवर कसे आलो हे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला तेव्हा साधं चित्रसुद्धा खूप काही सांगून गेलं. संशय ठेवला तेव्हा उत्तम साधनाचाही रुग्णाला जाच झाला.

सुरुवात ‘कुठे’ या प्रश्नापासून झाली. लंडनचे मज्जातंतुतज्ज्ञ हेन्री हेड यांनी १८९३ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहिला. पोटातल्या किंवा छातीतल्या अवयवाला आजार झाला, की अंगावरच्या ठरावीक पट्ट्यातली त्वचा हुळहुळी होते. हे त्यांनी रुग्णांना तपासून माणसाच्या आकृतीवर रेखाटलं. आजार एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे असू शकतं. हृदयाची कळ डाव्या हातात उतरते, पित्ताशयाची उजव्या खांद्यात. रुग्ण भलतीकडेच बोट ठेवतो असं वाटतं, तेव्हाही तो खरंच सांगत असतो, हे या आकृत्यांनी दाखवून दिलं.

दुसऱ्याच्या सांगण्यातून संवेदनेचा पुरता थांग लागत नाही, म्हणून हेड यांनी २५ एप्रिल १९०३ रोजी स्वतःच्याच डाव्या हाताकडे जाणाऱ्या संवेदना-नसा शस्त्रक्रियेने कापून घेतल्या आणि त्यांची टोकं पुन्हा जोडून घेतली. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ ते सवड काढून केंब्रिजला, सेंट जॉन्स कॉलेजमधल्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मित्राच्या खोल्यांवर जात राहिले. हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स त्यांच्या हातावर कधी टाचणी टोचत, कधी कापूस फिरवत, कधी गार तर कधी गरम काही टेकवत. काय जाणवलं ते हेड सांगत आणि संवेदना कुठवर परतली आहे याची हद्द रिव्हर्स नोंदवत. या दोघांचा अहवाल १९०८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या प्रत्येक ओळीला आधार एकच होता : डोळे मिटून बसलेला माणूस सांगतो ते खरं आहे.

पुढच्या काळात तीच मानवाकृती रुग्णाच्या हातात आली, पण तिच्यामागचा हेतू बदलला. न्यूझीलंडमध्ये हॅरॉल्ड पामर यांनी १९४९ साली वेदनेच्या आकृत्यांवर जो लेख लिहिला, तो शारीरिक दुखणं आणि ‘मनाचं’ दुखणं वेगळं ओळखण्याविषयी होता. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या रॅन्सफर्ड, केर्न्स आणि मूनी या डॉक्टरांनी कंबरदुखीच्या रुग्णांसाठी अशीच पद्धत बसवली. रुग्णाने पुढून-मागून काढलेल्या आकृतीवर बधिरपणा, मुंग्या, आग, टोचणं यांच्या वेगवेगळ्या खुणा करायच्या आणि डॉक्टरांनी त्या चित्राला गुण द्यायचे. हे गुण दंडाचे होते. नसांच्या रचनेत न बसणारी खूण केली, दंड. आकृतीच्या बाहेर रेघ गेली, दंड. दुखऱ्या जागेभोवती गोल काढला, बाण दाखवला, शेजारी दोन शब्द लिहून खुलासा केला, तरी दंड. ‘इथे फार दुखतं हो’ असं कागदावर कळवळून सांगणं हीच संशयाची खूण ठरली. तीस वर्षांनी, २००६ साली, तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा रुग्णाची मानसिक अवस्था ताडण्यासाठी ही चित्रं वापरायला पुरेसा आधार नाही असा निष्कर्ष निघाला. दरम्यानच्या काळात किती रुग्णांच्या कागदांवर असे गुण पडले असतील, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं.

‘किती’ या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचे प्रयत्नही याच सुमाराला झाले. हस्किसन यांनी १९७४ साली दहा सेंटिमीटरची सरळ रेघ वापरून वेदना मोजण्याचा पुरस्कार केला. एका टोकाला काहीच दुखत नाही, दुसऱ्या टोकाला सहन होणार नाही इतकं दुखतं; रुग्णाने मध्ये कुठेतरी खूण करायची. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांना केवळ तीव्रता पुरेशी वाटली नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, आग वेगळी. १९७५ सालच्या त्यांच्या प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडलेले होते आणि सोबत मानवाकृतीही होती. १९८३ साली अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी लहान मुलांसाठी हसऱ्यापासून रडवेल्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. ज्या मुलाला आकडा समजत नाही, तेही चेहऱ्यावर बोट ठेवून आपलं दुखणं सांगू शकलं.

आकडा हाताशी आला की त्याच्यावरच भिस्त ठेवण्याचा मोह होतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘वेदना ही पाचवी प्राणचिन्ह-नोंद’ अशी मोहीम निघाली. नाडी, श्वास, तापमान आणि रक्तदाब यांच्या जोडीला प्रत्येक रुग्णाला वेदनेचा शून्य ते दहातला आकडा विचारायचा. हेतू चांगला होता. वेदनेकडे खरोखरच दुर्लक्ष होत होतं. पण आकडा विचारणं सोपं, त्यामागची हकिगत ऐकायला वेळ लागतो. आकडा खाली आणण्याची झटपट वाट म्हणजे अफूजन्य गोळ्या, आणि औषध कंपन्यांनी त्या वाटेवर जोरदार जाहिरात केली. व्यसनाची लाट उसळली. तिची कारणं अनेक होती, तरी या आकड्याकडेही बोट दाखवलं गेलं आणि २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही कल्पना सोडून द्यावी असा ठराव केला.

तिसरा प्रश्न ‘केव्हा’. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘गेल्या महिन्यात कसं होतं?’ आणि रुग्ण आजच्या दुखण्यावरून महिना आठवतो. म्हणून घरी रोजनिशी लिहायला देण्याची प्रथा पडली. या रोजनिशीची परीक्षा आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली आणि २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती प्रसिद्ध झाली. जुनाट दुखणं असलेल्या ८० जणांपैकी काहींना कागदी रोजनिशी दिली, काहींना हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. कागदी रोजनिशीच्या फाइलमध्ये प्रकाश टिपणारा एक छोटा संवेदक लपवला होता. फाइल कधी उघडली, कधी मिटली हे त्यात नोंदलं जाई. कागदांवर लिहिलेल्या वेळांनुसार ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी झाल्या होत्या. संवेदकाच्या हिशेबाने वेळेवर झालेल्या नोंदी अवघ्या ११ टक्के निघाल्या. काही दिवस तर फाइल उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांचे रकाने भरलेले होते. यंत्रावर मात्र ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या, कारण ते वेळ झाली की आठवण करून देई आणि मागची तारीख टाकू देत नसे. यावरून रुग्णांना खोटारडं ठरवणं अन्यायाचं होईल. दुखत असताना कागद-पेन शोधणं किती जिवावर येतं, हे ज्याचं दुखतं त्यालाच माहीत. नोंद त्या क्षणी, हाताशी असलेल्या साधनावरच व्हायला हवी, हा धडा या प्रयोगातून मिळाला आणि पुढची सगळी ऑनलाइन साधनं त्यावर उभी राहिली.

टोरंटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’मध्ये जेनिफर स्टिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांसाठी ‘पेन स्क्वॉड’ हे ॲप तयार केलं. मूल म्हणजे पोलीस पथकात नव्याने भरती झालेला शिपाई. दिवसातून दोनदा त्याने आपल्या दुखण्याचा ‘अहवाल’ द्यायचा : शरीराच्या चित्रावर जागा दाखवायची, तीव्रता सांगायची. सलग अहवाल दिले की बढती, आणि बढती मिळाली की दूरचित्रवाणीवरच्या पोलीस मालिकांमधले लाडके कलाकार व्हिडिओतून शाबासकी देत. केमोथेरपीने गळून गेलेल्या मुलाकडून माहिती काढायची तर त्याला आधी मान द्यायला हवा, हे या मंडळींनी ओळखलं होतं.

२०१६च्या जानेवारीत मँचेस्टर विद्यापीठाचे संधिवाततज्ज्ञ विल डिक्सन यांनी ब्रिटनभरच्या लोकांना साद घातली. ढगाळ हवेत जुनी दुखणी डोकं वर काढतात हे आपल्याकडचीही आजी सांगते. विज्ञानाला मात्र ते पटत नव्हतं. १९९६ साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की यांनी केवळ १८ रुग्ण पाहून हा मनाचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. डिक्सन यांच्या प्रयोगात १३,००० हून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. रोज मोबाइलवर दुखणं, थकवा, झोप, मनःस्थिती यांची नोंद करायची. फोनच्या ठिकाणावरून जवळच्या हवामान केंद्राची आकडेवारी आपोआप जोडली जाई. मग २,६५८ जणांच्या नोंदींमध्ये प्रत्येकाचे जास्त दुखल्याचे दिवस त्याच्याच त्याच महिन्यातल्या इतर दिवसांशी ताडून पाहिले. हवेतला दमटपणा, वारा आणि हवेचा कमी दाब यांचा दुखण्याशी संबंध आढळला, मनःस्थिती आणि हालचाल जमेस धरूनही. संबंध लहान होता : एरवी शंभरातले पाच दिवस जास्त दुखत असेल, तर दमट आणि वाऱ्याच्या हवेत सहा. पण २०१९ साली हा निष्कर्ष आला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या हसण्यावारी नेलेल्या तक्रारीला पुरावा मिळाला.

‘कुठे’ या जुन्या प्रश्नाकडेही नव्याने पाहिलं गेलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाने उभारलेल्या संगणकीय नोंदप्रणालीत शरीराचे ७४ भाग पाडलेली आकृती असते. रुग्ण दुखरे भाग पडद्यावर निवडतो. पिट्सबर्गच्या वेदना-चिकित्सालयांत ही प्रणाली वापरली गेली. तिथल्या २१,६५८ रुग्णांच्या आकृत्या २०२१ साली संशोधकांनी संगणकाला फक्त गटवारी करायला दिल्या. कुठे दुखतं एवढ्यावरूनच नऊ गट पडले, आणि त्या गटांमध्ये दुखण्याची तीव्रता, दुखण्याचा प्रकार आणि पुढे किती बरं वाटलं यांतही फरक दिसला. अंगभर पसरलेल्या ज्या खुणांना १९७६ साली दंड झाला असता, त्याच इथे उपयोगी माहिती ठरल्या.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या नोएमी एल्हादाद स्वतः एंडोमेट्रिओसिसच्या रुग्ण. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, आणि ‘पाळीत दुखायचंच’ या समजुतीपायी निदानाला वर्षानुवर्षं लागतात. २०१६ साली त्यांच्या गटाने ‘फेंडो’ हे ॲप बायकांच्या हाती दिलं. ओटीपोट, कंबर, मांड्या, शौचाच्या वेळची कळ, असं जे डॉक्टरांपुढे तुटक-तुटक सांगितलं जाई, ते हजारो जणींनी रोज नोंदवलं आणि त्यातून आजाराचे वेगवेगळे प्रकार दिसू लागले.

याच वाटेवर ठेचही लागली. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या ॲपने वापरकर्त्यांची खाजगी माहिती जाहिरात व विश्लेषण कंपन्यांपर्यंत पोहोचू दिल्याची तक्रार अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने केली आणि २०२१ साली त्यावर तडजोड झाली. २०२२ साली तिथे गर्भपाताचा घटनादत्त हक्क गेला, तेव्हा आपल्याच नोंदी आपल्याविरुद्ध वापरल्या जातील या भीतीने बायका अशी ॲप काढून टाकू लागल्या. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. दुखण्याची नोंद ही माणसाने विश्वासाने दिलेली साक्ष आहे. ती विकणं हा विश्वासघातच.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं, तर मला बीड आठवतं. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ साली केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. ओटीपोटात दुखतं, कंबर धरते, अंगावरून जातं या तक्रारी घेऊन बाई डॉक्टरकडे जायची. एक दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, त्यामुळे पुन्हा पुन्हा जाणं परवडायचं नाही, आणि शस्त्रक्रिया हाच कायमचा उपाय म्हणून तिच्यापुढे ठेवला जायचा. तिचं दुखणं केव्हा सुरू झालं, पाळीशी त्याचा काय संबंध, मोळ्या उचलल्यावर वाढतं का, याची महिन्या-दोन महिन्यांची नोंद समोर असती, तर डॉक्टरला उपचारांच्या इतर वाटा तपासाव्या लागल्या असत्या आणि बाईला ‘आधी हे बघा’ म्हणता आलं असतं.

अशी नोंद आज अवघड नाही. गावोगावच्या आशाताईंच्या हाती फोन आहेत. पडद्यावर बाईची आकृती हवी, शब्द मराठी हवेत, बोलून नोंद करायची सोय हवी, आणि ही माहिती कोणाला दाखवायची याचा निर्णय त्या बाईचा हवा. आणखी एक अट सर्वांत महत्त्वाची : नोंद पाहून कोणीतरी उत्तर द्यायला बांधील असलं पाहिजे. नाहीतर बाई दुखणं नोंदवत राहील आणि साखर कारखान्याचा हंगाम संपेल. रुग्णाने दाखवलेली जागा खरी मानून तिचा पाठपुरावा केला, तेव्हाच वैद्यकाच्या हाती काही लागलं, हे हेड यांच्यापासून पिट्सबर्गपर्यंत दिसून आलेलं आहे. बीडच्या बाईच्या बाबतीत तो पाठपुरावा करण्यासाठी आणखी कुठल्या शोधाची वाट पाहायची गरज नाही. आरोग्य खात्याने आणि कारखान्यांनी येत्या हंगामापासून तो सुरू करावा.