आवाजाची काटछाट

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. त्या काळी आवाज चुंबकीय फितीवर साठवत. सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकणाऱ्या फितीतून अर्ध्या सेकंदाचा खोकला काढायचा, तर साडेनऊ सेंटिमीटर फीत ब्लेडने कापून टोके चिकटवावी लागत.

आज पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवर हवा तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम, संगणकावर तयार होतो. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. रेघ सपाट असेल तेथे शांतता असते. ती क्षणात कापता येते. काही संगणक-प्रणाली बोलणे मराठीत किंवा उर्दूत लिहूनही देतात. त्यावरून सारांश आणि कोणता विषय कितव्या मिनिटाला आहे, याची टिपणे लवकर होतात.

पण यंत्र 'शिरोळ'चे 'शिरोल' करू शकते. समजा, २०१९ च्या महापुराविषयी आजी म्हणाल्या, "आम्ही घर सोडले नाही." शेवटचा शब्द कापला गेला, तर अर्थच उलटा होतो. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवा व शेवटी ते स्वतः ऐकून प्रत्येक नाव तपासा. काम लवकर व्हावे. पण सांगणाऱ्याचे म्हणणे बदलता कामा नये.