पाळी बिघडते तेव्हा

पूर्वी आपल्या घरांत 'कावळा शिवला' एवढे म्हटले की विषय संपत असे. आता पाळीचा धडा आपण वर्गात शिकवतो. पण ती बिघडली तर काय करावे, हे मुली अजूनही संकोचाने विचारत नाहीत.

बीजांडकोशातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाचे आतले अस्तर वाढवते. बीज बाहेर पडले की प्रोजेस्टेरॉन तयार होते आणि अस्तर सावरून धरते. पुढे दोन्ही कमी झाली की अस्तर गळते, हीच पाळी. बीजच बाहेर पडले नाही तर प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. अस्तर वाढतच राहते आणि मग अवेळी, कधी फार जास्त रक्तस्राव होतो.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे थोडी अनियमितता असू शकते. या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर साधारण मानतात. त्यानंतरही घडी बसली नाही तर थायरॉइडचा विकार किंवा पीसीओएस आहे का, हे पाहावे लागते. पहिल्या पाळीपासूनच रक्तस्राव फार असेल, तर रक्त गोठण्यातील दोषही तपासतात.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली, तीन महिने आलीच नाही, किंवा दर एक-दोन तासांनी पॅड भिजू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. चक्कर येत असेल तर त्याच दिवशी जावे. 'लग्न झाले की सुरळीत होईल' असे म्हणून थांबू नये. दरम्यान अंगातले लोह कमी होत जाते. मुलगी अभ्यासात मागे पडते आणि आपण तिला आळशी म्हणतो! हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय.

आपल्या हैदराबादेत तार्नाक्याजवळ राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ साली येथे आली. लोह आणि आयोडीन दोन्ही असलेले मीठ तिने तयार केले: लोह रक्तासाठी, आयोडीन थायरॉइडसाठी. मात्र असे मीठ किंवा पालेभाज्या म्हणजे उपचार नव्हेत. कारण शोधून औषध डॉक्टरांनीच द्यायचे.

मुलींनो, घरच्या कालनिर्णयावर तारखेची खूण करा. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. पालकांनी, वडिलांनीसुद्धा, न रागावता ऐकावे. आणि स्वच्छ स्वच्छतागृह, पाणी व वर्गातून उठण्याची मोकळीक देणे हे शाळा म्हणून आम्हां सर्वांचे काम आहे.