सड्यावरचे घर आणि नदीकाठचे घर

विमागणिताच्या विद्यार्थ्याला हप्त्यांच्या दरांविषयी जे प्रश्न सोडवावे लागतात, त्यांतील एक पेडणे-डिचोलीच्या भूमीवर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, शंभर घरे पेडण्याच्या सड्यावर आहेत व शंभर साखळीस वाळवंटी नदीच्या काठी. सड्यावर वर्षाकाठी शंभरांत एका घराचे नुकसान होते, नदीकाठी सरासरीने पाचांचे. आणि दर घरामागे नुकसान एक लाख रुपयांचे. हे आकडे अर्थात उदाहरणापुरते. म्हणजे जोखीम एकीकडे घरटी 1,000 रुपयांची, दुसरीकडे 5,000 रुपयांची.

पहिली कंपनी सर्वांना सरसकट 3,000 रुपये हप्ता लावते. दिसावयास हे न्याय्य दिसते व हिशेबही जुळतो. परंतु दुसरी कंपनी सड्यावरच्यांना 1,500 रुपयांत विमा देऊ करते. साठ घरे तिकडे गेली, की पहिलीकडे 140 घरांचे 4,20,000 रुपये जमतात, आणि भरपाई मात्र सरासरी 5,40,000 रुपयांची द्यावी लागते. तोटा टाळण्यास हप्ता 3,857 रुपये हवा. विद्यार्थी बहुधा येथेच थांबतो, आणि तेथेच चुकतो. कारण हप्ता वाढताच उरलेली चाळीस घरेही निघून जातात व नदीकाठी शेवटी पाच हजारच पडतात.

पाचही पुरत नाहीत. सड्यावर आज एकाची कौले उडतात, पुढल्या वर्षी दुसऱ्याची. नदीकाठी 'शंभरांत पाच' याचा अर्थ एकोणीस वर्षे काहीच नाही आणि विसाव्या वर्षी शंभरही घरांत पाणी, असा होऊ शकतो. जुलै 2021 मध्ये डिचोली, सत्तरी, पेडणे येथे पूर आला, तेव्हा पाण्याने घरे निवडून घेतली नाहीत. एकाच वर्षी एक कोटी द्यावयाचे, तर राखीव निधीचा व पुनर्विम्याचा भार हप्त्यावर चढणारच.

तथापि वेगळा दर म्हणजे खरा दर, असेही नव्हे. एकोणिसाव्या शतकात विलायती आयुर्विमा कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेत. 1870 साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने हिंदी लोकांना नेहमीच्या दराने विमा दिला.

पिकांसाठी सरकारने निराळी वाट धरली. 2016 च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हप्ता जोखमीप्रमाणेच काढतात. पण खरिपाच्या भातासाठी शेतकऱ्याचा वाटा विमारकमेच्या 2 टक्क्यांवर जात नाही, उरलेला भार केंद्र व राज्य उचलतात. उदाहरणातील नदीकाठच्या घराला असा वाटेकरी मिळाला नाही, तर घरमालकाने पाच हजारांहून अधिक भरावेत, किंवा विम्याविना पावसाळा काढावा.