मेंदूतली गाठ आणि प्रथिन न घडवणारा आरएनए

ज्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही तो निकामी, हा या विषयातला सर्वांत जुना गैरसमज. एके काळी तो शास्त्रज्ञांमध्येही होता. आपल्या डीएनएच्या जेमतेम दीड-दोन टक्के भागात प्रथिनं घडवण्याच्या सूचना असतात. उरलेल्याला 'जंक' हे नाव सुसुमु ओहनो यांच्या १९७२ मधल्या लेखनामुळे चिकटलं. पुढे १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए सापडला. त्याच्यापासून प्रथिन बनत नव्हतं, पण दुसऱ्या जनुकाचं प्रथिन बनणं तो थोपवून धरत होता. अशा रेणूंना मायक्रोआरएनए म्हणतात, आणि या शोधासाठी दोघांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन डीएनएचं एकेक अक्षर कामाचं असल्याचं सांगतात. त्यालाही पुरावा नाही.

ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूतली अतिशय आक्रमक गाठ. तिच्या पेशींत मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए भरमसाट असतो. बिघडलेल्या पेशीनं स्वतःहून मरावं अशी सोय शरीरात आहे. मिर-२१ त्या यंत्रणेलाच गप्प बसवतो. २००५ मध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींमध्ये हा रेणू रोखला, तेव्हा त्या पेशी मरू लागल्या. असे निष्कर्ष वाचून हे सगळे आरएनए कर्करोगाच्याच बाजूचे, असं अनेकांना वाटतं. पण मिर-१२४ निरोगी मेंदूत मुबलक असतो, चेतापेशी घडायला मदत करतो, आणि ग्लिओब्लास्टोमात तो घटलेला आढळतो. वर्तुळाकार आरएनएची गोष्ट आणखी वेगळी. एफबीएक्सडब्ल्यू७ या जनुकापासून तयार होणाऱ्या अशा एका आरएनएपासून छोटंसं प्रथिन बनतं आणि ते गाठीच्या वाढीला लगाम घालतं, हे २०१८ मध्ये दिसलं. म्हणजे प्रथिन न घडवणाऱ्यांच्या यादीतले काही रेणू प्रथिन घडवतातही.

'हे सगळं प्रयोगशाळेतलं, रुग्णाच्या रिपोर्टशी त्याचा काय संबंध?' हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर अगदी लहान मुलांच्या बाबतीत मिळतं. ईटीएमआर नावाची दुर्मीळ, फार वेगानं वाढणारी गाठ बहुतेक वेळा चार वर्षांखालच्या मुलांना होते. १९ व्या गुणसूत्रावर चाळीसहून अधिक मायक्रोआरएनए जनुकांचा एक गट आहे, सी१९एमसी. एरवी तो गर्भारपणात वारेमध्ये जागा असतो आणि मेंदूत जवळजवळ गप्प असतो. ईटीएमआरच्या बहुतेक गाठींत या गटाच्या प्रती बेसुमार वाढतात. मेंदूत जोरात चालणाऱ्या टीटीवायएच१ या जनुकाला तो जोडला गेल्याचंही दिसतं, त्यामुळे त्या जनुकाचं बटण यालाही लागू होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या वर्गीकरणात सी१९एमसीमधल्या या बदलाला गाठीच्या नावातच स्थान दिलं. २०२१ च्या आवृत्तीत डायसर-१ या जनुकात बिघाड असलेला प्रकारही आला, आणि डायसर-१ हेच मायक्रोआरएनए कापून तयार करणाऱ्या विकराचं जनुक.

इथे एक गैरसमज उगवण्याआधीच खुडायला हवा. वारेचा उल्लेख ऐकून आई स्वतःला बोल लावू शकते. सी१९एमसीमधला बदल बाळाच्या गाठीतल्या पेशींमध्ये घडतो. तो आईच्या वारेतून आलेला नसतो. आईच्या खाण्यापिण्याशी किंवा कामाच्या दगदगीशी त्याचा संबंध जोडावा असा पुरावा नाही. डायसर-१ मधला बिघाड मात्र काही घरांत आनुवंशिक असू शकतो. रिपोर्टमध्ये ते नाव दिसलं, तर जनुकीय समुपदेशकाला जरूर भेटावं.

आरएनए लगेच कुजतो, म्हणून जुन्या नमुन्यातून काहीच कळत नाही, असंही म्हणतात. लांब आरएनएबाबत यात तथ्य आहे. पण मायक्रोआरएनए इतका आखूड असतो की फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणात बसवलेल्या तुकड्यातही तो बराच टिकतो. नवी मुंबईत खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याचाच उपयोग केला. अशा मेणाच्या ब्लॉकमधून त्यांनी काही मायक्रोआरएनए आणि काही प्रथिनं घडवणारी जनुकं एकत्र मोजली आणि मेड्युलोब्लास्टोमा या मुलांमधल्या गाठीचे चार उपगट वेगळे करून दाखवले. हे वर्गीकरण महत्त्वाचं आहे, कारण डब्ल्यूएनटी उपगटातल्या मुलांची बरं होण्याची शक्यता सर्वांत चांगली असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ब्लॉक कुठे ठेवलाय, हे घरच्यांना माहीत असावं.

रक्ताच्या थेंबातून ब्रेन ट्यूमर ओळखता येतो, अशा बातम्या अधूनमधून येतात. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी आरएनए भरलेले सूक्ष्म कण बाहेर सोडतात आणि ते रक्तात सापडतात, हे २००८ पासून माहीत आहे. पण मिर-२१ इतर अनेक कर्करोगांत आणि सुजेतही वाढतो. त्यामुळे तो वाढलाय म्हणून मेंदूत गाठ आहे, असं म्हणता येत नाही. आज निदान एमआरआय आणि गाठीचा तुकडा तपासूनच होतं.

राहिला औषधाचा प्रश्न. 'वाईट' रेणू बंद करायचा, 'चांगला' भरायचा, हे कागदावर सोपं दिसतं. मिर-३४ या 'चांगल्या' मायक्रोआरएनएची नक्कल असलेलं एमआरएक्स३४ हे औषध यकृताच्या आणि इतर काही कर्करोगांसाठी रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करतो, त्यामुळे धोका तिथेच असतो. मेंदूच्या बाबतीत भर पडते ती रक्तातले बहुतेक मोठे रेणू आत येऊ न देणाऱ्या ब्लड-ब्रेन बॅरिअरची. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर कृत्रिम आरएनए बसवून ग्लिओब्लास्टोमा उलटलेल्या आठ रुग्णांना शिरेतून देण्यात आला. सोनं गाठीपर्यंत पोहोचलं, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आयुष्य वाढतं का, हे तपासण्यासाठी ती चाचणी नव्हतीच.

ग्लिओब्लास्टोमाच्या उपचाराचा कणा आजही शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड नावाचं औषध हाच आहे. कुणी 'आरएनए थेरपी' म्हणून लाखोंचं पॅकेज सांगत असेल, तर ही चाचणी आहे का, असं थेट विचारा. असेल, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला तिचा क्रमांक मागा आणि सही करण्याआधी तो आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला दाखवा.